देणे ज्याचे, पावती त्याची

यरुशलेमच्या मंदिरात एक माणूस वेदीपुढे उभा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात, तो जेमतेम दोन वचनांपुरता येतो आणि जातो. त्याला नाव नाही, गाव नाही. त्याने देवाला वाहायला काहीतरी आणले आहे, समजा कोकरू किंवा कबुतरांची जोडी. ते याजकाच्या हाती द्यायचे एवढेच उरले असताना त्याला आठवते की गावाकडे आपला एक भाऊ आपल्यावर रुसलेला आहे. येशूचा सल्ला असा की अर्पण तिथेच वेदीपुढे ठेवून त्याने निघावे, आधी भावाशी समेट करावा आणि मग परत येऊन अर्पण वाहावे. आज हे वाचताना शेजारच्या गल्लीत जाऊन येण्याइतके सोपे वाटते. पण मत्तय सांगतो त्याप्रमाणे हे प्रवचन गालीलमध्ये झाले. गालीलहून यरुशलेम सुमारे सव्वाशे किलोमीटर, म्हणजे चालत तीन-चार दिवस. अर्पण ठेवून गावी जायचे, भाऊ भेटला तर त्याची समजूत घालायची आणि पुन्हा तेवढेच अंतर तुडवायचे, यात आठवडा सहज मोडतो. तोवर मंदिराच्या गर्दीत त्या कोकराला चारापाणी कोण करणार? ऐकणाऱ्यांपैकी ज्यांनी ती वारी पायी केली होती, त्यांच्या मनात हा प्रश्न आल्याशिवाय राहिला नसेल. सांगणारा स्वतः गालीलचाच होता आणि त्यालाही अंतर ठाऊक होते. तरीही त्याने गैरसोयीचाच मार्ग सांगितला.

या दोन वचनांत आणखी एक बारकावा आहे आणि तो घाईत निसटतो. वेदीपुढच्या माणसाला स्वतःचा राग आठवत नाही. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, हे त्याला आठवते. म्हणजे तक्रार दुसऱ्याची आहे आणि पाऊल मात्र याने उचलायचे आहे. ‘मी कुणाविषयी मनात काही ठेवत नाही’ असे म्हणून सुटता येत नाही, कारण प्रश्न तुमच्या मनाचा नसून समोरच्याच्या दुखावल्या मनाचा आहे. ज्या मराठी मुलखाने बांधावरून आणि वाटणीवरून चाललेल्या भाऊबंदकीचे खटले पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्याला ‘भाऊ’ या शब्दाची इथली धार वेगळी समजावून सांगायला नको. पण मूळ कोडे वेगळेच आहे. भक्तीने माणूस सुधारतो, मग सुधारलेला माणूस इतरांशी नीट वागतो, असा क्रम आपण सहसा गृहीत धरतो. इथे तो क्रम उलटा आहे. आधी माणूस, मग देव. असे का असावे? माझे म्हणणे असे की याचे उत्तर कोमल भावनेत सापडत नाही. ते हिशेबाच्या एका साध्या नियमात आहे: देणे ज्याचे असते, त्याची पावतीही त्यालाच देता येते. एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक धर्मपरंपरा या नियमापाशी येऊन पोहोचल्या आणि त्या नियमापुढे आपल्या देवाचा अधिकारही त्यांनी आवरता घेतला. ही गोष्ट वाटते त्याहून धाडसाची आहे.

येशूने हा क्रम नव्याने शोधून काढला नव्हता. तो ज्या धर्मशास्त्रात वाढला, त्यात तो रुजलेलाच होता. लेवीय या ग्रंथात फसवणुकीच्या पापाची तरतूद आहे. कुणी शेजाऱ्याची ठेव बुडवली, लुबाडणूक केली किंवा सापडलेली वस्तू लपवून वर खोटी शपथ घेतली, तर त्याने मूळ ऐवज आणि त्यावर पाचवा हिस्सा जादा, असे मालकाला द्यायचे आणि दोषार्पणाचा मेंढा देवाला आणायचा. शंभराचा अपहार असेल तर मालकाच्या हाती एकशेवीस पडले पाहिजेत. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी कायदेसंग्रहाने यातला क्रमही पक्का केला. ऐवज आधी परत करून मग मेंढा आणला तर प्रायश्चित्त लागू पडते. मेंढा आधी आणला आणि ऐवज मागाहून दिला तर पडत नाही. हाच संग्रह पुढे असेही म्हणतो की मारहाणीची पूर्ण भरपाई केली तरी जखमी माणसाची क्षमा मागितल्याशिवाय माफी पुरी होत नाही. पैशाने नुकसान भरते, अपमान भरत नाही. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हा यहुदी वर्षातला सर्वांत पवित्र दिवस. त्या दिवशी पंचवीस तास अन्नपाणी वर्ज्य असते. मिश्नाचा निर्वाळा असा की माणूस आणि देव यांच्यातली पापे या दिवसाने धुतली जातात, पण माणूस आणि माणूस यांच्यातली पापे त्या माणसाला राजी करेपर्यंत तशीच राहतात. रब्बी एलाझार बेन अझर्या यांनी हे लेवीयातल्या एका वाक्यावरून काढले. देवासमोरच्या पापांपासून शुद्धी होईल, असे ते वाक्य सांगते. ‘देवासमोरच्या’ हा शब्द त्यांनी मर्यादा म्हणून वाचला: देवाच्या खात्यातली पापे देव पुसेल, शेजाऱ्याच्या खात्यातली नाही.

खात्याची ही भाषा माझी नाही. येशूच्या बोलीभाषेत, अरामीमध्ये, पाप आणि कर्ज यांना एकच शब्द होता. म्हणून मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत पापांची माफी मागताना मूळ ग्रीकमध्ये कर्जाचा शब्द येतो. इस्लामी धर्मशास्त्राने तर या हिशेबाच्या दोन स्वतंत्र वह्याच घातल्या: अल्लाहचे हक्क ते हुकूकुल्लाह आणि बंद्यांचे हक्क ते हुकूकुल इबाद. पहिल्या वहीत अल्लाह हवी तेवढी सूट देऊ शकतो. दुसऱ्या वहीतली सूट ज्याचा हक्क बुडाला त्याच्या हाती असते. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात पैगंबर आपल्या सोबत्यांना विचारतात की दिवाळखोर कुणाला म्हणायचे. ज्याच्याकडे पैसा नाही, मालमत्ता नाही, असे उत्तर येते. पैगंबर सांगतात की खरा दिवाळखोर न्यायाच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात यांची रास घेऊन हजर होतो. पण त्याने कुणाला शिवी दिलेली असते, कुणावर आळ घेतलेला असतो, कुणाचे पैसे खाल्लेले असतात. त्या साऱ्यांना त्याच्या पुण्यातून चुकते केले जाते. पुण्य संपले आणि घेणेकरी उरले, तर त्यांची पापे त्याच्या माथी येतात. याच संग्रहात हेही आहे की शहीदाची सगळी पापे माफ होतात, कर्ज तेवढे होत नाही. धर्मासाठी प्राण देण्यापलीकडे भक्ती जाऊ शकत नाही, आणि तीही वाण्याच्या दुकानातली उधारी मिटवायला पुरत नाही.

यावर कुणी म्हणेल की ही तिन्ही उदाहरणे एकाच घराण्यातली आहेत. यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम हे अब्राहामाच्या वंशातले धर्म, तेव्हा साम्य असणारच. म्हणून जैन परंपरेची साक्ष महत्त्वाची ठरते. तिथे पापाची माफी देणारा सृष्टिकर्ता देवच नाही. पर्युषणाचा शेवटचा दिवस म्हणजे संवत्सरी. श्वेतांबर ती भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, काही पंथ पंचमीला पाळतात. म्हणजे महाराष्ट्रात घरोघरी गणपती बसत असताना शेजारच्या जैन घरात वर्षाची माफी मागून होत असते. दिगंबरांचा क्षमावाणीचा दिवस अनंत चतुर्दशीनंतर येतो. ‘मिच्छामि दुक्कडम्’ या प्राकृत शब्दांचा अर्थ माझे दुष्कृत मिथ्या होवो, फळ न देता विरून जावो, असा आहे. कल्पसूत्राचा शेवटचा भाग वर्षावासातल्या साधूंचे नियम सांगतो. त्यात भांडण झाल्यास धाकट्याने थोरल्याची आणि थोरल्यानेही धाकट्याची क्षमा मागावी, असे आहे. जो शांत होतो त्याची आराधना सफल, जो होत नाही त्याची नाही, असा त्याचा निकाल. देव आहे की नाही या मूलभूत प्रश्नावर ज्यांचे जमत नाही, त्यांचे या क्रमावर मात्र जमते. साधनेला फळ हवे असेल तर आधी भांडण मिटले पाहिजे. याचा अर्थ हा नियम एखाद्या विशिष्ट देवाच्या मर्जीतून आलेला नाही. तो अपराधाच्या स्वरूपातून येतो. अपराधाला एक मालक असतो, आणि तो मालक म्हणजे ज्याला तो सोसावा लागला.

आचारधर्मात हा नियम कुठे बसवायचा, यावरून त्या त्या समाजाची समज दिसून येते. इसवी सन १५५च्या सुमारास रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिनने ख्रिस्ती उपासनेचे वर्णन केले आहे. त्यात प्रार्थना संपल्यावर सारे एकमेकांचे चुंबन घेऊन अभिवादन करतात आणि त्यानंतर भाकर व प्याला पुढे आणले जातात. म्हणजे मत्तयातला क्रम इथे विधी झाला आहे. ‘दिदखे’ नावाची त्याहूनही जुनी मानली जाणारी पुस्तिका तर सांगते की ज्याचे सोबत्याशी भांडण आहे, त्याने समेट होईपर्यंत सभेत सामील होऊ नये. आज वसईत किंवा गोव्यात मिस्सेच्या वेळी प्रसाद घेण्याआधी लोक शेजारच्याकडे वळून हात जोडतात किंवा हातात हात घेतात, तो याच आचाराचा वंशज. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाने मात्र हेच दुसऱ्या टोकाने धरले. अलिबाग-रेवदंड्याच्या परिसरात पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले हे मराठी बोलणारे यहुदी. हायम सॅम्युएल केहिमकर यांचा त्यांच्यावरचा इतिहासग्रंथ १९३७ साली छापून निघाला. त्यात योम किप्पूरचे मराठी नाव येते ते ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. पांढरे कपडे घालायचे, उपास करायचा, दार बंद करायचे आणि बाहेरच्या कुणाचा संपर्क होऊ द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी येई तो ‘शिळा सण’. त्या दिवशी दार उघडे, गरिबांना दान आणि इष्टमित्रांकडे जाणेयेणे. देवापुढे एकट्याने उभे राहण्याचा दिवस आणि माणसांत परतण्याचा दिवस अशी ही जोडगोळी आहे. या दुसऱ्या दिवसाला शिळा म्हटले असले तरी त्याला सणाच्या नावातून वगळलेले नाही.

या विचारावर पहिला आक्षेप भक्तीच्या बाजूने येतो आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. देवाची करुणा अमर्याद असेल तर तिला शेजाऱ्याच्या सहीसाठी अडवून ठेवणारे आपण कोण? भागवतातला अजामिळ मरताना मुलाला हाक मारतो, ते नाव नारायण असते, आणि तेवढ्यावर तो तरतो. येशूच्याच दृष्टान्तातला उधळ्या मुलगा सारी मालमत्ता उडवून परततो आणि बाप हिशेब न विचारता धावत जाऊन त्याला मिठी मारतो. इथे कुठे आला पाचवा हिस्सा? पण हा दृष्टान्त शेवटपर्यंत वाचला पाहिजे. मिठी मारल्यावर गोष्ट संपत नाही. शेतावरून थोरला भाऊ येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो, रागावतो आणि आत यायला नकार देतो. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. थोरला आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही. बापाशी नाते जुळले, भावाशी जुळायचे राहिले, आणि मेजवानी तेवढ्यापुरती अर्धी आहे. बापाला धाकट्याने आपल्याला दिलेले दुःख माफ करता येते. थोरल्याच्या मनातली अढी त्याच्या वतीने सोडून देणे मात्र त्याला जमत नाही. तो फक्त अंगणात उभा राहून विनवू शकतो. करुणेला मर्यादा पडल्याचे हे लक्षण नव्हे. बापाने थोरल्याचा राग परस्पर रद्द केला असता, तर तो थोरल्यावर अन्याय झाला असता. दोन लेकरे असलेल्या कुणाही आईला हे ठाऊक असते. एकाने दुसऱ्याला मारले तर मारणाऱ्याला जवळ घेऊन ‘जाऊ दे, मी माफ केले’ म्हटल्याने रडणारे पोर शांत होत नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेचा आहे. माफी दुखावलेल्याच्या हाती दिली, तर तो सावकार होऊन बसेल आणि अपराध्याला जन्मभर उंबऱ्यावर उभा ठेवेल. या धोक्याची जाण यहुदी धर्मशास्त्राला पुरेपूर होती. बाराव्या शतकात मायमोनिडीझ यांनी आपल्या विधिग्रंथात त्याची मोजून उत्तरे दिली. माफी मिळत नसेल तर त्या माणसाच्या तीन मित्रांना सोबत घेऊन जावे. तरी नाही, तर दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा तसेच जावे. त्यानंतर मात्र त्याला सोडून द्यावे. आता पाप माफी नाकारणाऱ्याचे. दुखावलेला माणूस आपला गुरू असेल तर ही सवलत नाही, हजारदा जावे लागले तरी जावे. आणि तो मेला असेल तर? दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचे आणि सर्वांसमक्ष आपला अपराध कबूल करायचा. पैशाचे देणे असेल तर ते वारसांना द्यायचे. यहुदी आचार्यांच्या चर्चांचा ग्रंथ तालमूद सांगतो की बॅबिलोनियातले थोर आचार्य राव यांच्याकडून रब्बी हनीना यांचा एकदा अवमान झाला. राव योम किप्पूरच्या पूर्वसंध्येला त्यांच्याकडे गेले. तेरा वर्षे जात राहिले. हनीना मानले नाहीत. इथे आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. सामान्य अपराध्यावरचे ओझे तीन फेऱ्यांनी संपते आणि राव यांचे तेराव्या वर्षीही उतरत नाही. नियमाने दुखावलेल्याचा हक्क राखला आहे, पण त्या हक्काला कोंडवाडा होऊ दिलेले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो इतिहासात रक्ताने लिहिलेला आहे. समेट ही देवाला प्रिय गोष्ट आहे असे एकदा म्हटले की दुबळ्यावर माफ करण्याची सक्ती सुरू होते. मारणाऱ्या नवऱ्याला, लुटणाऱ्या जमीनदाराला, अत्याचारी राजवटीला धर्माच्या नावाने माफी हवी असते. पण मूळ नियम नीट वाचला तर तो अशा सक्तीच्या बाजूने उभा राहत नाही. वेदीपाशी अडवला जातो तो अपराधी. ज्याचा अपराध झाला त्याला मंदिरात जायला कुणी मनाई केलेली नाही. सायमन विझेन्थाल यांच्या ‘द सनफ्लॉवर’ या १९६९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हाच पेच आहे. विझेन्थाल नाझी छळछावणीत कैदी असताना मरणाच्या दारातल्या एका एसएस सैनिकाने त्यांना खाटेपाशी बोलावून घेतले. घरात कोंडून जाळलेल्या यहुदी कुटुंबांची कबुली त्याने दिली आणि एका यहुदीच्या तोंडून क्षमा हवी म्हणाला. विझेन्थाल काही न बोलता खोलीतून निघून गेले. आपण बरोबर केले का, हा प्रश्न त्यांनी पुढे अनेक विचारवंतांना घातला. तत्त्वचिंतक अब्राहम जोशुआ हेशेल यांनी उत्तरादाखल ब्रिस्कच्या रब्बींची गोष्ट सांगितली. आगगाडीच्या डब्यात एका फिरत्या विक्रेत्याने त्यांना साधा म्हातारा समजून अपमान करून हाकलले. ते कोण हे कळल्यावर तो गयावया करीत माफी मागू लागला, पुन्हापुन्हा आला. रब्बी देईनात. शेवटी ते म्हणाले की याला मी कोण हे माहीत नव्हते, त्याने अपमान केला तो एका सामान्य माणसाचा; माफी त्या माणसाकडेच मागावी. जाळलेल्यांच्या वतीने माफी द्यायला विझेन्थाल यांच्याकडेही अधिकारपत्र नव्हते.

हाच नियम राष्ट्राच्या पातळीवर कसा कस लावतो, ते दक्षिण आफ्रिकेत दिसले. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर १९९५च्या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते आर्चबिशप डेस्मंड टूटू, आणि १९९६च्या एप्रिलपासून जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. माफीसाठी ७,११२ अर्ज आले, त्यांतले ८४९ मंजूर झाले. मंजुरीची अट होती राजकीय हेतूने केलेल्या कृत्याचे संपूर्ण सत्य सांगण्याची. पश्चात्तापाची किंवा क्षमायाचनेची अट नव्हती. वर्णद्वेषविरोधी लढ्यातले स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबासह काहींनी या कायद्याला घटनात्मक न्यायालयात आव्हान दिले. आमचा खटला भरण्याचा हक्क सरकार परस्पर कसा सोडून देते, हा त्यांचा प्रश्न होता. १९९६ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला, तरी प्रश्नातली नैतिक धार कमी झाली नाही. शासन शिक्षा माफ करू शकते. क्षमा ही वेगळी वस्तू आहे आणि ती शासनाच्या तिजोरीत नसते. मग दुखावलेल्याला ‘सोडून दे’ म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही का? आपल्या परंपरेत या प्रश्नाचे एक उत्तर दडले आहे. लोकांच्या टोमण्यांनी दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आणि मुक्ताईने बाहेरून ताटी उघडण्याची आळवणी केली, ही ताटीच्या अभंगांमागची कथा मराठी वाचकाला सांगायला नको. पण त्यात एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘संन्याशाची पोरे’ हा शब्द ज्ञानदेवांइतकाच मुक्ताईच्याही वाट्याला आला होता. आळंदीच्या एखाद्या प्रतिष्ठिताने येऊन ज्ञानदेवांना शांतीचा उपदेश केला असता, तर तो निर्लज्जपणा ठरला असता. मुक्ताईने केला तर ती साधना ठरते, कारण ती ज्ञानदेवांना जे सोडायला सांगते ते तिच्याही अंगावर उमटलेले आहे.

समेटासाठी जाणाऱ्याचे पाऊल शुद्धच असते, असेही नाही. तालमूदात राव यांचीच आणखी एक गोष्ट आहे. एका खाटकाने त्यांचा अपराध केला होता, आणि योम किप्पूरची पूर्वसंध्या आली तरी तो आला नाही. तेव्हा मीच जाऊन त्याला राजी करतो, असे म्हणून राव निघाले. वाटेत शिष्य हूना भेटले. कुठे निघालात ते कळल्यावर हूना मनात म्हणाले, हे एका माणसाला मारायला निघाले आहेत. राव जाऊन खाटकापुढे उभे राहिले. तो जनावराचे डोके फोडत बसला होता. त्याने मान वर करून पाहिले, तुमच्याशी मला काही देणेघेणे नाही म्हणाला आणि पुन्हा घाव घातला. हाडाचा तुकडा उडून त्याच्या गळ्यात घुसला आणि तो मेला. हूनांना आधीच काय दिसले होते? दुखावलेला थोर माणूस आपण होऊन दारात उभा राहतो, तेव्हा तो न बोलता अपराध्यावर खटला भरत असतो. आता महिपतींनी भक्तलीलामृतात सांगितलेली देहूची गोष्ट शेजारी ठेवून पाहा. तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीने त्यांना काटेरी फांदीने झोडपले. रात्री कीर्तनाला तो दिसेना, म्हणून तुकोबा त्याच्या घरी गेले, दंडवत घातले आणि मारून मारून हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपू लागले. कथेची मांडणी तीच आहे, दुखावलेलाच अपराध्याकडे जातो. फरक एवढाच की राव यांना माफीचा विधी सणाआधी उरकायचा होता आणि तुकोबांना कीर्तनातली एक मोकळी जागा खुपत होती. एक आपले खाते मिटवायला गेला, दुसरा माणसाला परत आणायला. चरित्रकाराने भक्तिभावाने रंगवलेली कथा म्हणून कुणी ती बाजूला ठेवील. पण समाज कोणती कथा जपून ठेवतो, त्यावरून त्याला देवाची सोबत कशात वाटते ते कळते.

शेवटचा आक्षेप निरीश्वरवाद्याचा. सगळे माणसामाणसांतच मिटायचे असेल तर देव मध्ये हवा कशाला? जैन उदाहरण तर त्याच्याच बाजूने साक्ष देते. या आक्षेपाला मी अर्धे उत्तर देतो. माफीसाठी देवाची गरज नाही, हे या परंपरांनी स्वतःच मान्य केले आहे. देवाला त्या वहीतून त्यांनीच दूर ठेवले. पण दोन माणसांतला समेट सहसा सौद्यात घसरतो. दोघांची सोय झाली की भांडण मिटले असे म्हणायचे, आणि ज्याची सोय पाहण्याची ताकद नाही त्याने गप्प बसायचे. संवत्सरीच्या दिवशी मोबाइलवर एकच निरोप पाचशे जणांना जातो आणि ज्या एकाची खरी माफी मागायची असते, तोही त्या पाचशेंत हरवून जातो. संक्रांतीला तिळगुळाचा दाणा हातावर ठेवून गोड बोलायला सांगताना वर्षभर ज्याच्याशी बोलणे टाकले, त्याचे घर आपण चुकवतो. विधी अशा चुकारपणालाही जागा देतो. त्याच्यावर उपाय एकच: ज्याच्यापुढे सोंग चालत नाही अशा कुणापुढे तरी उभे राहणे. भाविक त्याला देव म्हणतो. जैन साधक प्रतिक्रमणात स्वतःच्या आत्म्यापुढे उभा राहतो. नाव कोणतेही द्या, त्याचे काम माफी देण्याचे नाही. आठवण करून देण्याचे आहे.

आता पुन्हा त्या वेदीकडे वळू. भावाची तक्रार त्या माणसाला कुठे आठवली? घरी नाही, सव्वाशे किलोमीटरच्या वाटेवर नाही, कोकरू विकत घेताना नाही. ती आठवली वेदीपुढे, अर्पण वाहण्याच्या क्षणी. उपासनेने त्याच्यासाठी एवढे एक काम केले, आणि ते थोडे नाही. मग देवाने त्याला आल्या वाटेने परत पाठवले. पण कोकरू बरोबर घेऊन जा, असे सांगितले नाही. ते वेदीपुढेच ठेवायला लावले. याजकांची ये-जा चालू असेल, धूप जळत असेल, दुसऱ्यांची अर्पणे चढत असतील, आणि त्या गर्दीत एक कोकरू धनी येईपर्यंत बांधलेले असेल. गालीलच्या वाटेवरचा तो माणूस भावाच्या अंगणात पोहोचेपर्यंत मंदिरातली त्याची जागा कुणी दुसऱ्याला देणार नव्हते.